बार्बाडोसच्या समुद्रात पहिल्यांदा उतरताना

माझं बालपण दापोलीजवळच्या मुरुडला गेलं. पाठीला पत्र्याचा डबा बांधून मामाच्या विहिरीत पोहायला शिकले, मग समुद्रात. भरती कधी लागणार, ओहोटीला कुठे ओढ असते, दुपारी वारा कुठून सुटणार, हे आम्हा पोरांना कुणी मुद्दाम शिकवलं नव्हतं. ते अंगवळणी पडलं होतं. त्यामुळे लग्नानंतर न्यू जर्सीला आले आणि तिथून पहिल्यांदा बार्बाडोसला गेलो, तेव्हा समुद्राची मला जराही धास्ती वाटली नाही.

आता तिथे तीन खेपा झाल्या आहेत. नवरा आणि लेक पॅडलबोर्डवरून (उभं राहून वल्हवायची लांब फळी) खोल समुद्राकडे वाहवत जाताना किनाऱ्यावर उभं राहून पाहिलं आहे, लेकीच्या टाचेतले काटे चिमट्याने काढले आहेत आणि सासूबाईंना वयाच्या सहासष्टाव्या वर्षी कासव दाखवलं आहे. यातून एक गोष्ट पक्की कळली. अरबी समुद्राने दिलेल्या खुणा कॅरिबियनमध्ये तशाच लागू पडत नाहीत, काही तर नेमक्या उलट्या लागतात. म्हणून पोहता येणाऱ्यांनीही हे वाचावं. किंबहुना त्यांनीच आधी वाचावं.

१. हंगाम ठरवा

डिसेंबर ते मे हा कोरडा हंगाम. पाणी बारा महिने २६ ते २९ अंशांच्या आसपास, त्यामुळे थंडीचा प्रश्न नाही. १ जून ते ३० नोव्हेंबर हा चक्रीवादळांचा काळ धरतात. त्याची आठवण आपल्या प्रत्येक क्रिकेटवेड्या घरात असेल. २९ जून २०२४ ला ब्रिजटाउनच्या केन्सिंग्टन ओव्हलवर भारताने टी-ट्वेंटी विश्वचषक जिंकला आणि लगेच बेरिल वादळामुळे आपला संघ तिथेच अडकला. विमानतळ बंद होता. संघ दिल्लीत उतरला तो ४ जुलैच्या सकाळी. वादळ बेटाच्या दक्षिणेकडून निघून गेलं, तरी लाटांनी मासेमारी होड्यांची पार वाट लावली. वादळ थेट अंगावर आलं नाही तरी त्याच्या लाटा येतात, हे यातून लक्षात घ्या. या काळात जायचंच असेल तर तिकीट बदलता येईल असं घ्या आणि परतीनंतर दोन दिवस मोकळे ठेवा.

कोरड्या हंगामातही एक मेख आहे. डिसेंबर ते मार्चमध्ये उत्तर अटलांटिकमधल्या वादळांच्या लांब लाटा हजारो किलोमीटर प्रवास करून बेटाच्या एरवी शांत असलेल्या पश्चिम किनाऱ्यावर येतात. आकाश निरभ्र, वारा नाही, आणि तरी लाट थेट वाळूवर आपटते. अशा दिवशी गुडघाभर पाण्यातही माणूस आडवा होतो. बार्बाडोसचं हवामान खातं मोठ्या लाटांचा आणि छोट्या होड्यांसाठीचा इशारा देतं. रोज सकाळी चहा पिताना तो बघायची सवय लावा.

सार्गासम नावाचं तपकिरी समुद्री शेवाळ २०११ पासून या भागात मोठ्या प्रमाणात येऊ लागलं. ते मुख्यतः पूर्व आणि दक्षिण किनाऱ्याला लागतं आणि कुजलं की सडक्या अंड्यासारखा वास सुटतो. घरात कुणाला दमा असेल तर अशा किनाऱ्यापासून लांबच राहा.

२. कागदपत्रं

आपल्या लोकांची सगळ्यात जास्त फसगत इथेच होते, म्हणून सविस्तर लिहिते.

भारतीय पासपोर्टवर पर्यटनासाठी बार्बाडोसला आधी व्हिसा काढावा लागत नाही. पण भारतातून थेट विमान नाही. अमेरिकेत विमान बदलणार असाल तर तिथला व्हिसा लागतोच, नुसतं विमान बदलायचं असलं तरी. लंडन किंवा टोरोंटोमार्गे जाणार असाल तर त्या देशाचे ट्रान्झिटचे नियम तिकीट काढण्याआधी वाचा, नंतर नव्हे.

अमेरिकेत एच-वन-बी या नोकरीच्या व्हिसावर असणाऱ्यांनो, पासपोर्टमधला व्हिसाचा शिक्का संपला असेल आणि आय-७९७ च्या कागदावर (अर्ज मंजूर झाल्याचं पत्र) राहत असाल, तर बार्बाडोसला जाऊ नका. संपलेल्या शिक्क्यावर ३० दिवसांच्या आत परत येण्याची सवलत एच-वन-बीला फक्त कॅनडा आणि मेक्सिकोपुरती आहे. ‘जवळचंच बेट आहे’ म्हणून गेलात तर परतीच्या विमानात बसू देणार नाहीत.

बरोबर ठेवायचे कागद:

- पासपोर्ट, परतीच्या तारखेपुढे किमान सहा महिने चालणारा
- परतीचं तिकीट आणि राहण्याच्या जागेचं बुकिंग, छापील प्रत
- ग्रीन कार्ड किंवा चालू व्हिसा, तुमच्या परिस्थितीप्रमाणे
- निघण्याआधी ऑनलाइन भरायच्या इमिग्रेशन-कस्टमच्या फॉर्मची पावती
- प्रवास विमा, ज्यात वॉटर स्पोर्ट्स आणि स्कूबा (पाठीवर हवेची टाकी घेऊन पाण्याखाली जाणं) यांचा स्पष्ट उल्लेख आहे. साध्या पॉलिसीत हे बहुतेक वेळा वगळलेलं असतं, बारीक अक्षर वाचाच
- रोजची औषधं आणि त्यांची चिठ्ठी

एवढ्या लांब आलोच आहोत तर त्रिनिदादही करू, असा बेत बऱ्याच जणांचा असतो. तिथून भारतात जाणार असाल तर यलो फीव्हरच्या लशीचं प्रमाणपत्र हवं. लस घेतल्यावर दहा दिवसांनी ते लागू होतं. नसेल तर भारतात विमानतळावर सहा दिवसांपर्यंत विलग ठेवू शकतात.

आणि बॅग भरताना लष्करी छाप्याचे कपडे काढून टाका. बार्बाडोसमध्ये ते घालणं गुन्हा आहे, लहान मुलांनीसुद्धा. माझ्या भाच्याची आवडती हिरवी-तपकिरी चड्डी त्यामुळे घरी राहिली.

३. कोणता किनारा, हे आधी ठरवा

बेट छोटं आहे, साधारण ३४ किलोमीटर लांब आणि २३ रुंद. पण त्याच्या तीन बाजूंना तीन वेगळे समुद्र आहेत असं समजूनच चाला.

पूर्वेला अटलांटिक. बाथशेबाला जा, जरूर जा, तिथले प्रचंड खडक आणि फुटणाऱ्या लाटा डोळे भरून पाहा. पण पोहू नका. ‘सूप बोल’ नावाची तिथली लाट जगभरच्या सर्फरना खेचून आणते, आणि सर्फरला जी लाट आवडते ती आपल्यासारख्यांसाठी नसते. स्थानिक लोक खडकांमधल्या उथळ डबक्यांत बसून अंघोळ करतात, तेवढं आपणही करावं. आग्नेयेचा क्रेन बीच फोटोत फार देखणा दिसतो, लोक त्याच्यासाठीच येतात. तिथे लाट जोराची असते. लहान मुलं आणि वयस्कर माणसं यांनी तिथे पाय भिजवण्यापुरतंच समाधान मानावं.

दक्षिण किनारा मध्यम आहे. अ‍ॅक्रा बीचवर लाटा खेळण्याजोग्या असतात, लाइफगार्ड असतात, कुटुंबं येतात. ऑइस्टिन्सजवळचा एंटरप्राइझ बीच, ज्याला लोक मायामी बीच म्हणतात, त्याची एक बाजू शांत असते. सिल्व्हर सँड्स हा वाऱ्याचा किनारा आहे, तिथे काइटसर्फिंगवाले, म्हणजे मोठ्या पतंगाच्या ओढीने फळीवरून लाटांवर पळणारे, असतात. त्यांच्या दोऱ्यांच्या वाटेत पोहायला जाऊ नका.

पश्चिम किनारा आणि ब्रिजटाउनजवळची कार्लाइल बे हीच नवख्यांची जागा. पाणी तळ्यासारखं सपाट. होलटाउनचं फोकस्टोन मरीन पार्क, पेन्स बे, मलिन्स, सगळे छान. पहिले दोन दिवस इथेच घालवा.

पण नेमकं इथेच आम्ही फसलो.

आपण शाळेत खारे वारे आणि मतलई वारे शिकलो. दिवसा वारा समुद्राकडून जमिनीकडे येतो. मुरुडला दुपारी टायरची ट्यूब घेऊन पाण्यात पडलं तरी वारा आणि लाटा आपल्याला परत वाळूवरच आणून टाकायच्या. बार्बाडोसवर वारा वर्षाचा बहुतेक काळ पूर्वेकडूनच वाहतो, दिवसा आणि रात्रीही. म्हणजे पश्चिम किनाऱ्यावर तो पाठीमागून, जमिनीवरून समुद्राकडे जातो. किनाऱ्यालगत झाडं आणि इमारती त्याला अडवतात, म्हणून पाणी आरशासारखं दिसतं. शंभर-दीडशे मीटर आत गेलं की वारा अंगाला लागतो आणि तो तुम्हाला बाहेरच ढकलत राहतो. त्या दिशेला पुढची जमीन सेंट व्हिन्सेंट बेटाची, दीडशेहून जास्त किलोमीटरवर.

दुसऱ्या खेपेला नवरा नऊ वर्षांच्या लेकीला पुढे बसवून पॅडलबोर्डवर निघाला. मी वाळूवर होते. लेकीची पिवळी टोपी सुरुवातीला मोठी दिसत होती. मग ती लिंबाएवढी झाली. नवरा उभा राहून वल्हवत होता, जोरात वल्हवत होता, आणि टोपी तरीही लहानच होत होती. शेजारी बोर्ड भाड्याने देणारा एक मुलगा बसला होता. तो ताडकन उठला, दोन्ही हात तोंडाशी धरून ओरडायला लागला, ‘गुडघ्यावर बसा! गुडघ्यावर!’ उभं माणूस म्हणजे शीड. वारा त्या शिडात भरत होता. नवऱ्याला शब्द ऐकू गेले नाहीत, पण मुलाने स्वतः गुडघ्यावर बसून हात हलवून दाखवलं ते कळलं. तो खाली बसला, बोर्ड थांबला, इतक्यात तो मुलगा जेट-स्की घेऊन पोहोचलाही होता. सगळं मिळून दहा मिनिटांचा प्रकार. मला त्या दहा मिनिटांत माझ्या हातापायांतलं बळ गेल्याचं आठवतं.

तेव्हापासून आमचे नियम असे. पश्चिम किनाऱ्यावर फुगवायचं काहीही, मग ती ट्यूब असो, गादी असो की फ्लेमिंगो, पाण्यात न्यायचं नाही. पॅडलबोर्ड किंवा कयाक घेतला तर आधी वाऱ्याविरुद्ध किनाऱ्याकडे वल्हवून बघायचं, जमतंय याची खात्री झाली की मगच फिरायचं, तेही किनाऱ्याला समांतर. वारा वाढलाच तर गुडघ्यावर, त्याहून वाढला तर पोटावर पालथं पडून हातांनी वल्हवायचं. बोर्डाची दोरी घोट्याला बांधलेली हवीच, आणि काही झालं तरी बोर्ड सोडून पोहत निघायचं नाही.

४. उतरण्याआधी दहा मिनिटं समुद्र बघा

कोकणात आपण भरती-ओहोटीचं वेळापत्रक बघतो. मुंबईला उधाणाच्या दिवशी पाणी चार-पाच मीटर चढतं-उतरतं. बार्बाडोसला हा फरक साधारण एक मीटर किंवा त्याहूनही कमी. त्यामुळे ‘आता भरती आहे, सुरक्षित आहे’ हे आपलं गणित इथे चालत नाही. इथे लाट, वारा आणि खडकांमधल्या फटी बघायच्या.

दुसरं गणित पाण्याच्या रंगाचं. आपलं पाणी गढूळ, तळ दिसत नाही, म्हणून आपण आपोआप जपून पाय टाकतो. इथे चार-पाच मीटर खोलावरची वाळूही स्वच्छ दिसते आणि पाण्यातून ती असते त्यापेक्षा जवळ भासते. ‘पाय टेकतील’ वाटतं, टेकत नाहीत. ज्यांना पोहता येत नाही त्यांनी डोळ्यांवर विश्वास न ठेवता कंबरभर पाण्यातच थांबावं, आणि किनाऱ्याकडे तोंड करून नाही, समुद्राकडे तोंड करून उभं राहावं.

वाळूवर उभं राहून दहा मिनिटांत हे शोधा: लाटा कुठे फुटताहेत आणि मधे कुठे फुटत नाहीत. दोन फुटणाऱ्या पट्ट्यांच्या मधली शांत, जरा गडद गल्ली पोहायला सोयीची वाटते. तीच रिप करंटची वाट असू शकते, किनाऱ्यावर आलेलं पाणी तिथूनच वेगाने परत जात असतं. प्रवाळाच्या रांगेत जिथे फट असते तिथेही हेच होतं. त्यात सापडलात तर किनाऱ्याकडे झुंजू नका. तरंगत राहा, श्वास सावरा, किनाऱ्याला समांतर पोहून त्या पट्ट्यातून बाहेर पडा आणि मग लाटांबरोबर तिरके परत या. पोहण्याचं बळ उरलं नसेल तर नुसतं तरंगा आणि एक हात वर करून हलवा. ही ओढ खाली खेचत नाही, बाहेर नेते. माणूस दमून आणि घाबरून बुडतो.

लाल झेंडा म्हणजे पाण्यात उतरायचं नाही. लाल-पिवळे झेंडे असतील तर त्या दोन झेंड्यांच्या मधेच पोहायचं. नॅशनल कॉन्झर्व्हेशन कमिशनचे लाइफगार्ड ठराविक किनाऱ्यांवर आणि दिवसाच असतात. गेल्या गेल्या त्यांच्या मचाणापाशी जाऊन विचारा, ‘आज कुठे पोहू?’ मी प्रत्येक वेळी विचारते. एकदाही कंटाळून उत्तर मिळालेलं नाही, आणि दोनदा आमची जागा बदलली आहे.

५. साहित्य

इथे कंजुषी करू नका, पण ढीगही नेऊ नका.

- पूर्ण बाह्यांचा पोहण्याचा शर्ट, सगळ्यांना. सनस्क्रीनपेक्षा याचा उपयोग जास्त
- जाड तळव्याचे पाण्यातले बूट
- चेहऱ्याला नीट बसणारा स्नॉर्कलचा मास्क (नळीतून श्वास घेत, पालथं तरंगत पाण्याखाली बघायला), स्वतःचा. पट्टा न लावता चेहऱ्याला टेकवा, नाकाने हलका श्वास घ्या. हात सोडला तरी चिकटून राहिला तर मापाचा. दाढी-मिशी असेल तर पाणी झिरपतं
- झिंक ऑक्साइडचं सनस्क्रीन. प्रवाळाला घातक ठरणारे ऑक्सिबेन्झोनसारखे घटक त्यात नसावेत
- शिट्टी, एक दोरीत ओवलेली
- चिमटा, जंतुनाशक, बँडेज, मीठ-साखरेची पाकिटं
- मुलांचं स्वतःचं लाइफजॅकेट

शेवटच्या ओळीवर थांबते. दंडाला लावायचे फुगे म्हणजे लाइफजॅकेट नव्हे. भाड्याने मिळणारी जॅकेटं मुलांच्या मापाची असतीलच असं नाही. पहिल्या खेपेला एका बोटीवर लेकीला जे जॅकेट मिळालं ते वाळूवर घट्ट वाटलं, पण पाण्यात उतरताच वर सरकून कानापर्यंत आलं आणि तिची हनुवटी आत गेली. तेव्हापासून आम्ही जमिनीवरच तपासतो. मुलाला दोन्ही हात वर करायला सांगायचं आणि खांद्यांवरच्या पट्ट्या धरून जॅकेट वर ओढायचं. ते हनुवटीच्या वर गेलं तर ते जॅकेट नको. लहान मुलांच्या जॅकेटला पायांमधून जाणारा पट्टा हवाच. आतल्या बाजूला वजनाचा आकडा छापलेला असतो, तो वाचा. वय बघून जॅकेट निवडू नका.

६. वॉटर स्पोर्ट्स कुणाकडून, कसे

बार्बाडोसचे सगळे किनारे सार्वजनिक आहेत, त्यामुळे वाळूवर बसलात की कुणी ना कुणी ‘जेट-स्की?’ म्हणत येणारच. त्यातले बरेच जण चांगले आणि अनुभवी असतात. तरी पैसे देण्याआधी चार गोष्टी विचारा: परवाना आणि विमा दाखवता का, जॅकेट कोणतं देणार, कुठपर्यंत जायचं, आणि बोट किंवा जेट-स्की बंद पडली तर आणायला कोण येणार. शेवटच्या प्रश्नाला जो अडखळतो त्याच्याकडून घेऊ नका. भाव ठरवताना ‘बार्बाडोस डॉलर की अमेरिकन?’ हे आधीच स्पष्ट करा. दोन बार्बाडोस डॉलर म्हणजे एक अमेरिकन डॉलर, आणि इथल्या अस्पष्टतेत रक्कम दुप्पट होते.

जेट-स्कीवर इंजिन बंद करणारी दोरी मनगटाला अडकवलेली हवी. पोहणाऱ्यांच्या पट्ट्यात वेग वाढवायचा नाही. आणि उलट बाजूने, तुम्ही पोहत असाल तर तरंगत्या खुणांच्या आतच राहा. कार्लाइल बेमध्ये बोटींची ये-जा बरीच असते. मास्क लावून खाली बघत असताना वरून येणारी बोट दिसत नाही.

त्याच खाडीत उथळ पाण्यात बुडालेली जहाजं आहेत. ‘बर्विन’ ही फ्रेंच टगबोट १९१९ मध्ये बुडाली, आणि पाण्याच्या पृष्ठभागावरून नुसतं तरंगतही ती दिसते. तिच्या सांगाड्यावर प्रवाळ वाढलं आहे, आत पिवळ्या-काळ्या पट्ट्यांचे मासे थव्याने फिरतात. वरून बघा, आत शिरू नका, गंजलेल्या पत्र्याला हात लावू नका.

स्नॉर्कलिंग सोपं दिसतं म्हणून लोक ते गांभीर्याने घेत नाहीत. त्यातला धोका असा की, पालथं पडून मासे बघणारा माणूस आणि बेशुद्ध माणूस लांबून सारखेच दिसतात. म्हणून जोडीने जा, आणि जोडी म्हणजे हात लांब केला तर लागेल इतक्या अंतरावर. दर मिनिटाला एकमेकांना अंगठा आणि तर्जनी जोडून खूण करायची. हृदयाचा त्रास, रक्तदाब किंवा दमा असलेल्यांनी आधी डॉक्टरांना विचारावं. सासूबाईंना आम्ही आधी हॉटेलच्या तलावात तीन दिवस नळीतून श्वास घ्यायला शिकवलं. चौथ्या दिवशी जॅकेट घालून, माझा हात धरून, त्या समुद्रात उतरल्या. कासव खालून गेलं तेव्हा त्यांनी माझा हात इतका घट्ट दाबला की बांगडीचा वळ उठला.

स्कूबाचा पहिला अनुभव प्रशिक्षकाबरोबर, जास्तीत जास्त १२ मीटरपर्यंत असतो. आरोग्याचा जो फॉर्म देतात त्यात खरं लिहा. ‘दमा लिहिला तर उतरू देणार नाहीत’ म्हणून लपवणारे मी पाहिले आहेत. सर्दी झाली असेल, कान बंद असतील, तर त्या दिवशी डाइव्ह रद्द करा. पाण्याखाली कधीही श्वास रोखून धरू नका. आणि परतीच्या विमानाचं गणित आधी मांडा: एकच डाइव्ह केली असेल तर किमान १२ तास, अनेक केल्या असतील तर किमान १८ तास विमानात बसायचं नाही. आम्ही शेवटचा पूर्ण दिवस नुसता पोहायला ठेवतो.

७. हात कुठे लावायचा नाही

किनाऱ्यावरच्या झाडांपासून सुरुवात. मँचिनील नावाचं झाड वाळूलगत वाढतं, छान सावली देतं, आणि त्याला लहान हिरव्या सफरचंदासारखी फळं येतात. त्याचा चीक कातडीला लागला तर भाजल्यासारखे फोड येतात, फळ खाल्लं तर तोंड-घसा सुजतो. पाऊस आला की आपण झाडाखाली धावतो, पण या झाडाखाली पावसात उभं राहिलं तर पानांवरून निथळणारं पाणीच अंग भाजतं. बऱ्याच झाडांच्या खोडावर लाल पट्टा किंवा पाटी असते, सगळ्यांवर नसते. मुलांना एकच वाक्य शिकवा: वाळूवरचं फळ उचलायचं नाही. चीक लागलाच तर साबण-पाण्याने लगेच धुवा, डोळ्यांत गेला तर डॉक्टर.

पाण्यात खडकांच्या कपारीत सी अर्चिन नावाचे काळे, लांब काट्यांचे गोल जीव असतात. लेक बूट न घालता खडकावर उभी राहिली आणि टाचेत पाच काटे. ते ठिसूळ असतात, ओढताना तुटतात. सोसवेल इतक्या गरम पाण्यात पाय बुडवून ठेवा, जे वर दिसतात तेवढेच चिमट्याने सरळ ओढा, खोल गेलेले खणू नका, दवाखान्यात जा.

मुंबईत पावसाळ्यात जुहू-गिरगावला येणारे ब्लूबॉटल (जेलीफिशसारखे डंख मारणारे निळे जीव) ज्यांनी पाहिले आहेत, त्यांना तसाच निळा फुगा इथेही ओळखता येईल. तो वाळूवर मेलेला दिसला तरी डंख मारतो. डंख झाला तर धागे चिमट्याने काढा, समुद्राच्याच पाण्याने धुवा, मग गरम पाणी. वाळूने घासू नका.

प्रवाळाला हात नको, त्यावर उभं राहणं नको. ते जिवंत आहे, आणि फायर कोरल नावाचा प्रवाळासारखा जीव लागला तर तुमचीही आग होते.

कासवांबद्दल थोडं जास्त लिहावंसं वाटतं. आमच्या दापोलीपासून जवळच वेळासला कासवांची अंडी गावकरी जपतात, त्यामुळे हा विषय मला घरचा आहे. बार्बाडोसच्या किनाऱ्यांवर हॉक्सबिल कासवं अंडी घालायला येतात आणि हिरवी कासवं चरायला. काही टूरवाले माशांचे तुकडे टाकून त्यांना बोलावतात. अशी सवय लागलेलं कासव मग कुणाचाही हात खाणं समजून चावतं, आणि बोटींजवळ यायला लागून जखमी होतं. चारा टाकणारी टूर घेऊ नका. पाण्यात स्थिर तरंगत राहा, त्याच्या वर किंवा वाटेत येऊ नका. ते श्वास घ्यायला आपोआप वर येतं, अगदी जवळ, आणि त्याचा ‘फुस्स’ असा आवाज ऐकू येतो.

८. ऊन, तहान आणि रम

‘आपल्याला कुठे ऊन लागतं’ हा समज इथे मोडतो. बेट १३ अंश अक्षांशावर आहे, म्हणजे कोकणापेक्षाही विषुववृत्ताजवळ, आणि सतत वारा असल्यामुळे भाजतंय हे कळत नाही. सकाळी दहाच्या आत आणि दुपारी तीननंतर पोहा. नळाचं पाणी प्यायला चांगलं आहे, बाटली भरून घ्या आणि पोहण्याआधीपासून पीत राहा.

रम पंच हे तिथलं सरबत असल्यासारखं प्रत्येक बोटीवर वाटतात. आधी पोहणं, मग रम. आमच्या घरात यावर वाद होत नाही.

पोहण्याच्या कपड्यांत दुकानात किंवा बसमध्ये जाऊ नका, तिथे ते असभ्य समजतात. बस स्वस्त आहे, ३.५० बार्बाडोस डॉलर, आणि थांब्यावर शहराकडे की शहराबाहेर हे लिहिलेलं असतं.

९. काही झालंच तर

पोलीस २११, अग्निशमन ३११, रुग्णवाहिका ५११. मोठं सरकारी रुग्णालय ब्रिजटाउनमधलं क्वीन एलिझाबेथ हॉस्पिटल.

कुणी बुडताना दिसलं तर धावत पाण्यात शिरू नका, चांगलं पोहता येत असलं तरी. आधी ओरडून लाइफगार्डला किंवा बोर्डवाल्याला बोलवा, एकाने बुडणाऱ्यावर नजर आणि बोट रोखून ठेवायचं, ते हलवायचं नाही, आणि जे तरंगतं ते फेका: जॅकेट, बोर्ड, बर्फाची रिकामी पेटीसुद्धा.

रोज किनाऱ्यावर पोहोचलो की मी एक काम करते. त्या किनाऱ्याचं नाव, तो कोणत्या पॅरिशमध्ये (तिथला तालुक्यासारखा विभाग) आहे ते आणि समोरच्या दुकानाचं नाव फोनच्या नोंदवहीत लिहिते. बेटावर अकरा पॅरिश आहेत, आणि घाबरलेल्या माणसाला फोनवर यातलं काही आठवत नाही. लेकीच्या मनगटावर न पुसणाऱ्या पेनाने माझा नंबर लिहिलेला असतो. संध्याकाळी मास्क गोड्या पाण्याने धुताना ती तो घासून काढते, दुसऱ्या दिवशी सकाळी बूट घालायच्या आधी स्वतःच हात पुढे करते.